अस्वलाच्या जागी फ्रीज

मी गाडी चालवायला शिकवते. माझ्या हाताखालून गेलेला एकही माणूस अजून झाडावर आदळलेला नाही, त्यामुळे कुणाला काही शिकवायचं म्हटलं की माझ्या अंगातच येतं. आमचे हे म्हणतात, "तुला कुणी विचारलं नाही तरी तू शिकवतेस." म्हणू देत. यांचं अर्धं आयुष्य आरामखुर्चीत गेलं, यांना काय कळतंय!

तर झालं असं, की एका संध्याकाळी आमची वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "वन्सं, म्युझियममध्ये माणसं हवी आहेत."

"कसली माणसं?"

"आलेल्या लोकांना फिरवून सगळं दाखवायला. रविवारी सकाळी. आधी एकदा सगळ्यांसमोर फिरवून दाखवायचं, मग तिथल्या बाई ठरवणार घ्यायचं की नाही. मी नाव दिलंय."

माझ्या हातातली शेंग खालीच पडली. दादा गेल्यापासून ही बाई 'हूं' आणि 'बरं' यांच्या पुढे गेली नव्हती. आणि आज एका दमात एवढं बोलली, तेही नाव देऊन आल्यावर! वयानं मी तिच्याहून लहान, पण लग्न होऊन आली त्या दिवसापासून मला वन्सं म्हणते, अहोजाहो करते. आणि मी तिला सरळ अगंतुगं करते. आमच्यात हे असंच चालत आलंय.

म्युझियम म्हणजे पोस्टाच्या मागची ती दुमजली इमारत. कुठून कुठून आणलेले पेंढा भरलेले प्राणी, पक्षी, आपल्या नदीतले मासे, दगड, टाचण्यांनी टोचलेले किडे. शाळेची सहल सोडली तर तिथे कुत्रं फिरकत नाही. वहिनी दुपारी बाजारात जाते असं मी इतके महिने धरून चालले होते. ती जात होती म्युझियममध्ये आणि तिथे बाकावर बसत होती.

"तिथे काय आहे एवढं?" मी विचारलं.

"तिथे कुणी मला 'कशी आहेस' म्हणून विचारत नाही," ती म्हणाली.

आता मी तिला हा प्रश्न दिवसातून दोनदा विचारत होते. टोमणा कुणाला होता ते मला कळलं, पण मी गिळला.

खरी गोम पुढे होती. माझी भाची, म्हणजे दादा-वहिनीची एकुलती एक लेक, लांबच्या शहरात नोकरी करते. ती आईला तिकडे न्यायचं म्हणून हटून बसली होती. घर बंद करायचं, आईला आपल्याकडे ठेवायचं. "एकटी कशी राहशील गं तू?" हे पालुपद रोज फोनवर चालायचं. मुलगी मायेनंच म्हणत होती, त्यात काही वाद नाही. पण वहिनीला जायचं नव्हतं. नाही म्हणायची तिला सवय नव्हती, म्हणून तिनं मधला रस्ता काढला. "हे काम मिळालं तर मी इथेच राहते. नाही मिळालं तर मुकाट्यानं तुझ्याबरोबर येते."

भाची लगेच हो म्हणाली. का नाही म्हणणार? चार अनोळखी माणसांसमोर आपली आई तोंड उघडेल यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर माझाही नव्हता. म्हणून तर मी सगळं हातात घेतलं.

आणि माझं म्हणाल, तर दादा गेला तेव्हा माझा अर्धा जीव गेला. उरलेला अर्धा वहिनीच्या घरी उठबस करून टिकला होता. तीही गेली असती तर मी भांडायला कुणाकडे जाणार होते? यांच्याशी भांडायला गेलं तर हे झोपतात.

सराव वहिनीच्याच घरी. मी भाषण तयार केलं, एकदम दणदणीत. "नमस्कार मंडळी! हा पाहा, जंगलाचा राजा नव्हे, पण वजीर नक्की!" हे अस्वलाबद्दल.

"वजीर कशाला, वन्सं?" वहिनी म्हणाली.

"लोकांना आवडतं असलं. पाठ कर."

प्राणी कुठून आणणार? म्हणून फ्रीज झाला अस्वल. कपडे धुवायचं मशीन लांडगा, चपलांचं कपाट म्हणजे शिंपल्यांचे ठसे उमटलेला जुना दगड, आणि इस्त्रीची फळी पाणमांजर. वहिनीनं स्वयंपाकघरातून निघायचं, डावा हात वर करून फ्रीज दाखवायचा आणि पुढे सरकायचं. खुद्द म्युझियममध्ये सगळं उलट्या बाजूंना आहे, असं वहिनी हळूच म्हणाली होती. मी म्हटलं, "डावं-उजवं तिथे गेल्यावर बदलून घेऊ." होय, हे मीच म्हटलं. गाडी शिकवणारी बाई असं म्हणाली. हसा खुशाल.

आमच्या यांनाही मी काम दिलं. वहिनीनं डावा हात वर केला की यांनी मोठ्यानं विचारायचं, "पण मग झोपेत त्याला भूक लागत नाही का?" म्हणजे वहिनीला अस्वलाच्या थंडीतल्या झोपेची माहिती सांगायला मिळणार. यांनी तो प्रश्न असा घोटला, की एकदा वहिनीनं पंख्याचं बटण दाबायला हात वर केला तरी हे ओरडले. भाची परीक्षेच्या आदल्या दिवशी आली. आम्ही तिला पाणमांजरावर प्रश्न देत होतो, पण ती म्हणाली, "मी फक्त बघणार आहे." मग कोपऱ्यात बसून मोबाईलच्या आडून हसू दाबत राहिली.

रविवारी सकाळी आम्ही सगळे म्युझियममध्ये हजर. आत डांबराच्या गोळ्यांचा वास, पाय ठेवला की करकरणारी लाकडी जमीन, आणि काचा इतक्या लख्ख की प्राण्याच्या आधी आपलंच थोबाड दिसतं. संचालिकाबाई म्हणजे बारीक कापलेले पांढरे केस, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. फिरायला आलेल्यांत एक जोडपं होतं, जुळ्या मुलींना घेऊन आलेली एक आई होती, आणि टोपी घातलेले एक आजोबा होते. काहीतरी खटकावं म्हणूनच ते घरून निघाले असावेत, असं त्यांच्याकडे बघून वाटत होतं.

वहिनीनं पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. मी तिच्या कानात म्हटलं, "घाबरू नकोस, मी आहे."

डाव्या हाताला पहिला आला तो शिंपल्यांचा दगड. वहिनीनं नमस्कार मंडळी म्हटलं, आवाज जरा कापरा पण ऐकू येईल इतपत. "हा दगड आपल्या नदीच्या वरच्या अंगाला सापडला," ती म्हणाली, आणि दाखवायला डावा हात वर केला.

"पण मग झोपेत त्याला भूक लागत नाही का?" आमचे हे गरजले.

टोपीवाले आजोबा वळले. "कुणाला? दगडाला?"

वहिनी गोंधळली. पाठ केलेलं होतं ते आपोआप बाहेर पडलं. "नाही. थंडी सुरू व्हायच्या आधी तो भरपूर खाऊन घेतो."

जुळ्या मुलींनी दगडाकडे मोठ्या आदरानं पाहिलं. मी यांना कोपरानं असं ढोसलं, की हे कळवळले. "हात वर केला ना तिनं!" हे कुजबुजले. चूक यांची नव्हती म्हणा.

वहिनीचे कान लाल झाले होते. तरी ती पुढे गेली. उजवीकडे मोठ्या काचेत दोन पायांवर उभं केलेलं ते अस्वल. सगळे थांबले. वहिनीनं दम घेतला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "आणि हा आपला फ्रीज."

एक क्षण कुणालाच काही कळेना. मग जोडप्यातली बायको फिस्सकन हसली, मग तिचा नवरा, मग जुळ्या. संचालिकाबाईंनी गळ्यातला चष्मा उचलून डोळ्यांवर ठेवला. वहिनीचं तोंड उघडं ते उघडंच. मी भाचीकडे पाहिलं, तर तिच्या चेहऱ्यावर 'झालं, संपलं' एवढंच होतं, आणि त्यात थोडी सुटकाही होती. ती बघून माझ्यानं राहवेना.

मी उडी मारली. "मंडळी, तिला अस्वल म्हणायचंय! जंगलाचा राजा नव्हे, पण वजीर नक्की! हा माणसाला पाहिलं की मेल्याचं सोंग घेऊन पडून राहतो!"

"सोंग माणसानं घ्यायचं असतं," टोपीवाले म्हणाले.

"तेच ते!"

"तेच कसं? आणि इथे माहिती सांगणार नक्की कोण आहे? तुम्ही की त्या?"

"आम्ही दोघी मिळून..." मी सुरू केलं.

"वन्सं, तुम्ही बाहेर जा," वहिनी म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"बाहेर जा. आणि यांनाही घेऊन जा."

एवढ्या वर्षांत तिनं मला 'जरा सरका' असंही म्हटलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिच्यासाठी मी घसा कोरडा केला, नवऱ्याला कामाला लावलं, आणि ही मला चारचौघांत हाकलते? चार शब्द अगदी ओठांवर आले होते, पण संचालिकाबाई चष्म्यातून बघत होत्या. मी यांचा दंड धरला आणि बाहेर पडले.

बाहेर व्हरांड्यात बाक होता. "बरं झालं, बसायला मिळालं," हे म्हणाले आणि टेकले. मी कशाला बसतेय? अंगानं बाहेर होते, पण दाराची फट होती आणि कान आतच होते.

"त्या माझ्या नणंदबाई," वहिनी आत सांगत होती. "वाईट वाटून घेऊ नका, माझ्यासाठी त्यांचा जीव तुटतो. घरी आम्ही सराव केला तेव्हा अस्वलाच्या जागी आमचा फ्रीज होता. आणि मघाचा प्रश्नही दगडाबद्दल नव्हता, अस्वलाबद्दलच होता."

पुन्हा हसू ऐकू आलं, पण हे निराळं होतं. या हसण्यात तीही होती.

"तसा हा फ्रीजच आहे म्हणा. थंडीत आत साठवलंय त्याच्यावर भागवतो. असो. मी पाठ केलेलं सगळं विसरलेय. तेव्हा तुम्हीच नीट बघा आणि मला सांगा, काय दिसतंय."

आणि ती गप्प बसली. माझा जीव वर-खाली. माझ्या गाडीत कुणी असं गप्प बसलं तर मी लगेच ओरडते. बोल गं बाई, बोल काहीतरी! पण ती नुसती उभी. गंमत म्हणजे आत कुणी चुळबुळही करेना. सगळे खरोखरच काचेला नाक लावून बघत होते.

"याचं पाऊल माझ्या बाबांसारखं आहे," एक जुळी म्हणाली.

"बाबांसारखं म्हणजे कसं?"

"सगळं टेकलंय. टाच पण."

"शाब्बास! अस्वल टाच टेकवून चालतं, आपल्यासारखं. आता तो लांडगा बघा."

"तो चवड्यांवर उभा आहे," टोपीवाले म्हणाले. त्यांना बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं तोंडातून.

"बोटांवर. म्हणून त्याला पटकन पळता येतं. चला, इथून लांडग्यापर्यंत अस्वलासारखं जायचं आणि परत येताना लांडग्यासारखं. चला, चला, कुणी बघत नाहीये."

मी बघत होते ना! जोडपं, आई, जुळ्या सगळे धप्प धप्प टाचा आपटत गेले. येताना बोटांवर. आजोबांनी टोपी काढून हातात घेतली आणि भिंतीला एक हात लावून बोटांवर चालत आले. संचालिकाबाईसुद्धा चालल्या, शपथ! फक्त भाची जागची हलली नाही. आईकडे बघत राहिली.

माझा राग कुठे गेला मला कळलंच नाही. ही आमची वहिनी? लग्नानंतर पहिलं वर्षभर जिचा आवाज शेजाऱ्यांना माहीत नव्हता, ती? मला एकदम दादाची आठवण आली. तो म्हणायचा, "तू बोलायची थांबलीस तर ती बोलेल." मला वाटायचं, माझी थट्टा करतो.

मग ते हंसांच्या काचेपाशी आले. इथे माझा जीव टांगणीला लागला, कारण ही काच मी मुद्दाम वगळली होती. 'तिथे थांबायचंच नाही, लांडग्यावरून सरळ माशांकडे' अशी माझी सक्त ताकीद होती. नर आणि मादी, माना एकमेकींकडे झुकलेल्या, आणि समोर तो बाक. दादा गेल्यावर वहिनी रोज बसायची तो हाच बाक. तिथे उभं राहून ती रडली असती तर खेळ खलास.

ती थांबली.

"हे एकदाच जोडी जमवतात ना?" जोडप्यातली बायको म्हणाली. "एक गेला की दुसरा अन्नपाणी सोडून जीव देतो म्हणे."

मी दार ढकलणारच होते. यांनी मागून माझी ओढणी धरली. "बस," हे म्हणाले. पहिल्यांदाच यांनी मला काहीतरी शिकवलं.

"लोक तसं म्हणतात," वहिनी म्हणाली. "मलाही तसंच वाटायचं. इथे खूप दिवस बसून मी तसंच धरून चालले होते. मग इथल्या वाचनालयात पुस्तकं चाळली. तसं नसतं. मागे राहिलेली काही काळ एकटीच फिरते, हाका मारते. मग पुन्हा पाण्यात मान घालून खायला लागते. कुणाला पुढे दुसरी जोड मिळते, कुणाला नाही. पण ती जगते."

आवाज कापला नाही. मीच तोंडावर हात धरला होता.

"मग तिला तिथे एकटीला कशाला ठेवायचं?"

ही भाची होती. सगळे तिच्याकडे वळले. ती कुणाची कोण, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं.

"तिच्या पिल्लांकडे नेलं तर? पिल्लं आहेत ना तिला?" तिचा आवाज चढला होता.

वहिनीनं लेकीकडे नीट पाहिलं. घाई केली नाही.

"पिल्लं मोठी झाली की आपापलं तळं शोधतात," ती म्हणाली. "तसंच असायला हवं, त्यात पिल्लांची काही चूक नाही. पण या तळ्यात खोल कुठे, उथळ कुठे, खायला काय कुठे मिळतं, हे तिला डोळे मिटून ठाऊक असतं. दुसऱ्याच्या तळ्यात ती पाहुणी."

"आणि तिला एकटं वाटलं तर?"

"वाटणारच. ते दुसऱ्या तळ्यातही वाटेल. फार वाटलं तर उडत भेटायला येईल. जोडीदार गेला, पंख नाही गेले तिचे."

हे हंसांचं चाललं नव्हतं, हे एव्हाना शेंबड्या पोरालाही कळलं असतं. टोपीवाल्या आजोबांनी उगाच टोपी झटकली. भाची मान खाली घालून उभी राहिली, आणि वहिनी तिच्या पाठीवरून एकदाच हात फिरवून म्हणाली, "चला मंडळी, मासे राहिले."

मासे संपायच्या आधीच भाची बाहेर आली. पायरीवर बसली, नाक पुसलं आणि मोबाईलवर काहीतरी करायला लागली. मी शेजारी बसले.

"काय करतेस?"

"माझ्या परतीच्या गाडीचं आईचं तिकीट रद्द करतेय. मी दोन काढली होती."

"अगं, पण बाई काय म्हणतात ते कळायचंय की अजून."

"आता ते कळून काय करू, आत्या?" ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून लहानपणी रडायची तशी रडली. मी तिला रडू दिलं. एक शब्द बोलले नाही, विश्वास ठेवा अगर ठेवू नका.

थोड्या वेळानं मंडळी बाहेर पडली. आजोबांनी जाता जाता विचारलं, पुढच्या वेळी किडे दाखवणार का. संचालिकाबाई वहिनीबरोबर दारापर्यंत आल्या. "पुढच्या रविवारी वेळेवर या," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून पुढे म्हणाल्या, "एकट्या."

वहिनी पायऱ्या उतरून आमच्यापाशी आली. चेहरा घामेजलेला, केस विस्कटलेले, आणि अशी ताठ उभी, की मला क्षणभर ओळखूच येईना.

भाचीनं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "आत्या, तू लक्ष ठेवशील ना तिच्याकडे?"

मी तोंड उघडलं. पण वहिनी आधी बोलली.

"त्यांच्याकडे मी लक्ष ठेवते," ती लेकीला म्हणाली. "तू निर्धास्त जा. तुझ्या आत्याला मी एकटं पडू देणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी पोस्टाच्या मागच्या भर रस्त्यात हमसून हमसून रडले, येणारे-जाणारे बघत होते, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.